आखातातील वर्षे कुठे जातात?

गेल्या हिवाळ्यात नागपूरला गेलो असता शेजारच्या काकांनी सहज विचारले, "किती वर्षे झाली रे तुला रुवैसला?" मी म्हणालो, "सात-आठ झाली असतील." पत्नी आतून म्हणाली, "तेरा." मी वाद घातला. तिने काही न बोलता कपाटातून माझा रद्द झालेला पासपोर्ट आणून समोर ठेवला. पहिल्या प्रवेशाचा शिक्का २०१२ सालचा होता. पाच वर्षे माझ्या हिशेबातून नाहीशी झाली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याच भेटीत याहून गंभीर चूक उघड झाली. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. बोलता बोलता मी आईला म्हणालो, "दीड-दोन वर्षेच अंथरुणावर होते, फार भोगावे लागले नाही." आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "दोन नाही बाबू, चार. चार उन्हाळे झाले. त्यांच्या खोलीतल्या कूलरच्या ताट्या मी चारदा बदलल्या."

त्या चार वर्षांत दर आठवड्याला माझा फोन जात होता. पैसे वेळेवर जात होते. वर्षातून एकदा मी स्वतः जाऊन येत होतो. तरीही बाबांच्या आजारपणाची निम्मी वर्षे माझ्या मनात नोंदलीच गेली नाहीत. आईकडे मोजायला उन्हाळे होते. माझ्याकडे होते ते एकसारखे फोन, आणि ते सारे मिळून माझ्या स्मरणात एकच फोन झाला होता.

हा केवळ माझा विसराळूपणा असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु रुवैस, अबुधाबी, दुबई, जिथे जिथे आपले समाजबांधव भेटतात, तिथे हेच वाक्य ऐकू येते : वर्षे कशी गेली कळलेच नाही. आपण ते कौतुकाने म्हणतो. माझे मत असे की ही कौतुकाची गोष्ट नाही. हे एक नुकसान आहे, त्याची कारणे समजण्यासारखी आहेत आणि त्यावर काही अंशी उपायही आहे.

डोळ्याने प्रकाश दिसतो, कानाने ध्वनी ऐकू येतो; काळासाठी मात्र माणसाला स्वतंत्र इंद्रिय नाही. मेंदूचे वेगवेगळे भाग काळाचे वेगवेगळे पल्ले सांभाळतात. काही सेकंदांचा अंदाज मेंदूच्या खोलवरच्या गाठी आणि लहान मेंदू करतात. डोपामिन हे द्रव्य त्यात महत्त्वाचे आहे, म्हणूनच पार्किन्सनच्या रुग्णांचा असा अंदाज चुकू लागतो. दिवस-रात्रीचे चक्र दुसरीकडेच चालते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदाच्या लगेच वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असलेला हा पुंजका शरीराचे मुख्य घड्याळ आहे. झोप, शरीराचे तापमान, भूक, संप्रेरके यांची वेळ तो ठरवतो. त्याचा स्वतःचा फेरा २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो, आणि डोळ्यांवर पडणारा उजेड तो रोज पृथ्वीच्या फेऱ्याशी जुळवून देतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून करणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

महिने आणि वर्षे मात्र हा पुंजका मोजत नाही. त्यांची लांबी आपण आठवणींवरून ठरवतो. हे सर्वांत स्पष्ट दिसले ते मिशेल सिफ्र या फ्रेंच तरुणाच्या प्रयोगात. १९६२ साली तो आल्प्स पर्वतातील एका गुहेत घड्याळ, दिनदर्शिका आणि सूर्यप्रकाश यांच्याशिवाय सुमारे दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. २५ दिवस हरवले होते. विशेष असे की त्याच्या शरीराने झोपेचा आणि जागेपणाचा फेरा जवळजवळ अचूक, साडेचोवीस तासांच्या आसपास, चालू ठेवला होता. शरीराचे घड्याळ ठीक होते. हरवले होते ते स्मरणाचे घड्याळ. अंधाऱ्या गुहेतला प्रत्येक दिवस आदल्या दिवसासारखा असल्याने मनाला मोजण्यासाठी काही उरलेच नव्हते.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली याचा सामान्य नियमच मांडला होता. विविध अनुभवांनी भरलेला काळ जाताना भरभर जातो, पण मागे वळून पाहता लांब वाटतो. रिकामा, एकसुरी काळ जाताना रेंगाळतो आणि मागे पाहता आक्रसून जातो. बारा तासांची रात्रपाळी संपता संपत नाही. अशा रात्रींची पाच वर्षे मात्र आठवणीत मुठीत मावतात. बाबा गेल्याचा फोन आला ती रात्र मला मिनिटामिनिटाने आठवते. इथे पावणेतीन वाजले होते, नागपूरला सव्वाचार. त्या एका रात्रीने माझ्या स्मरणात जेवढी जागा व्यापली आहे, तेवढी तिच्या आधीच्या वर्षानेही व्यापलेली नाही.

आता रुवैसकडे पाहू. अबुधाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट असलेले हे तेलशुद्धीकरणाचे गाव. वसाहत नीटनेटकी आहे, शाळा आहे, बाग आहे, दवाखाना आहे. तक्रारीला जागा कमी. पण काळाच्या दृष्टीने पाहिले तर हे दोन्ही घड्याळांवर एकाच वेळी घाव घालणारे ठिकाण आहे.

पहिला घाव पाळ्यांचा. माझ्यासारख्या ऑपरेटरचे काम म्हणजे दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या, मग सुट्ट्या, पुन्हा तेच. शरीराचे मुख्य घड्याळ एका दिवसात फार तर तास-दीड तास सरकते. आपण त्याला अठ्ठेचाळीस तासांत बारा तास सरकायला सांगतो. ते सरकत नाही. रात्रभर नियंत्रण कक्षाच्या पांढऱ्या उजेडात बसून सकाळी सातला बाहेर पडलो की वाळवंटाचे ऊन डोळ्यांत शिरते आणि मेंदूला सांगते, दिवस सुरू झाला, जागा राहा. मग पडदे ओढून चार तासांची तुटकी झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचे दैनिक चक्र बिघडवणाऱ्या रात्रपाळीची गणना २००७ साली 'बहुधा कर्करोगकारक' या गटात केली आणि २०१९ च्या फेरतपासणीत तोच निष्कर्ष कायम ठेवला. आपल्या धंद्यातील माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. थ्री माइल आयलंडची दुर्घटना पहाटे चारच्या सुमारास घडली, चेर्नोबिलची रात्री दीडच्या आधी, भोपाळची मध्यरात्री. प्रत्येकीची कारणे अनेक आणि वेगवेगळी होती. तरीही माणसाच्या मेंदूची सावधानता ज्या प्रहरी सर्वांत कमी असते, त्याच प्रहरी आपण ती सर्वांत जास्त मागतो, एवढे खरे.

दुसरा घाव एकसुरीपणाचा. इथे मृगाचा पहिला पाऊस नाही, संत्र्याचा बहर नाही, पोळा नाही, परीक्षेनंतर गावाला जाणारी एसटी नाही. उन्हाळा आणि कमी उन्हाळा असे दोनच ऋतू. त्याच बसमधून त्याच फाटकातून आत आणि बाहेर. मेंदूला खूण करण्यासाठी काहीच वेगळे मिळत नाही, म्हणून तो शंभर दिवसांची एक घडी घालून ठेवून देतो. सिफ्रला त्यासाठी गुहेत उतरावे लागले होते. आम्हाला हे लख्ख उजेडात साधले आहे.

यावर कोणी म्हणेल, कमवायला आलो आहोत, वेळेचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला तर समजू शकतो. आपण तो विचारू नये. कारण वेळ हिरावून घेणे म्हणजे काय, हे आपल्याइतके दुसऱ्या समाजाला क्वचितच ठाऊक असेल.

पेशवाईतील पुण्यात सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना वेशीच्या आत प्रवेश नव्हता, अशी इतिहासग्रंथांत नोंद आहे. कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि आपल्या पूर्वजांच्या सावलीचाही विटाळ होत असे. म्हणजे त्यांचा दिवस त्यांच्या स्वतःच्या सावलीने मोजला जाई, आणि तोही दुसऱ्यांच्या सोयीसाठी. गावातील वतनदार महाराच्या चाकरीला तासच नव्हते. हाक आली की रात्र असो, पाऊस असो, ज्वर असो, निघायचे. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याने निघायचे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वंशपरंपरागत कामांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या अमर्याद चाकरीविरुद्धचेही पाऊल होते. वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडले.

माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये सूतकताईच्या खात्यात होते. त्यांना घड्याळ नव्हते. मिलचा भोंगा होता. तरी ते म्हणत, भोंगा वाजला की सुटलो, हे गावात कधी नव्हते. गावातील चाकरीला आरंभ नव्हता आणि शेवटही नव्हता; गिरणीतील कामाला निदान शेवट होता. तो शेवटही आपोआप आलेला नाही. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १० जून १८९० रोजी. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याचे ५४ तास होते. ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ झाले. ते विधेयक मांडले व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्याने, म्हणजे बाबासाहेबांनी. आज आपण ज्या देशात काम करतो, तिथल्या कायद्यातही सामान्य मर्यादा आठवड्याला ४८ तासांचीच आहे, आणि १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करण्यास मनाई आहे. माणसाचा वेळ त्याच्या शरीराचा भाग आहे, हे तत्त्व तिथेही मान्य झालेले आहे.

मग ओव्हरटाइमच्या यादीत आपले नाव आधी यावे म्हणून धडपडणारे आपण कोण? इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कामगार वस्तीत एका खोलीत सहा जण राहून कर्ज फेडणाऱ्या भावाला मी उपदेश करीत नाही. त्याच्यापुढे निवड नाही. त्याला आपली मदत हवी, मत नको. मी बोलतो आहे ते माझ्याशी आणि माझ्यासारख्यांशी. वसाहतीत कुटुंबासह राहणाऱ्यांशी, ज्यांचा तिसरा प्लॉट घेऊन झाला आहे आणि चौथ्यासाठी जादा पाळी चालू आहे. गेल्या वर्षी बाबांना भेटण्यासाठी मिळू शकणारी आठ दिवसांची जादा रजा मी शटडाउनच्या भत्त्यासाठी घेतली नाही. ती कोणी नाकारली नव्हती. मीच मागितली नाही. त्या भत्त्याचे काय घेतले, ते मला आज आठवत नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. जयंतीनिमित्त सलग १८ तास अभ्यास करण्याचा उपक्रम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होतो. अभिवादन म्हणून तो सुंदर आहे. पण "बाबासाहेब अठरा तास वाचत, तू दहाला झोपतोस?" असे जेव्हा आपण रोज घरात म्हणू लागतो, तेव्हा आपण त्यांचा आदर्श चुकीचा वाचतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत मोजकी होती. ती संपताच १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांना काळ मोजून मिळाला होता, म्हणून त्यांनी झोप खर्च केली, आणि त्याची किंमत शरीराने पुढे मोजली. आपल्या मुलांवर ती वेळ नाही. दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेत, हे आज चांगले सिद्ध झाले आहे. मुलाला झोपू देणे हा बाबासाहेबांशी द्रोह नाही. त्यांनी झिजून मिळवलेल्या वेळेचा तो वापर आहे.

आता उपायांकडे येतो. ते साधे आहेत.

शरीराच्या घड्याळासाठी : रात्रपाळीहून परतताना गडद चष्मा लावावा, खोली पूर्ण अंधारी करावी, फोन बाहेर ठेवावा आणि घरातील सर्वांनी त्या झोपेला कामाइतकाच मान द्यावा. पाळीवरून आलेल्या माणसाला "दिवसा काय झोपता" असे म्हणणारे घर त्याचे आयुष्य कमी करीत असते.

स्मरणाच्या घड्याळासाठी थोडे अधिक सांगायचे आहे. मेंदूत दिवसाचे घड्याळ आहे, पण आठवड्याचे नाही. आठवडा माणसांनी केला. म्हणूनच या देशातील सरकारी कार्यालयांची सुट्टी १ जानेवारी २०२२ पासून शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली आणि कोणाच्याही शरीराला ते कळले नाही. वर्षाची तारीखही तशीच. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर या तारखा आपल्या पेशींत लिहिलेल्या नाहीत. त्या समाजाने धरून ठेवल्या तरच राहतात. म्हणून माझा आपल्या एका सोयीस्कर सवयीला विरोध आहे. सभागृह मिळेल त्या शनिवारी, कधी कधी मे महिन्यात, आपण जयंती करतो आणि प्रत्यक्ष १४ एप्रिलला मुले नेहमीसारखी शाळेत जातात, आपण नेहमीसारखे पाळीवर जातो. सामुदायिक कार्यक्रम सोयीने व्हावा, त्याला माझी हरकत नाही. पण तारीख घरात त्या दिवशीच पाळली गेली पाहिजे. पहाटे पाचला पाळी असेल तर पावणेपाचला मेणबत्ती लावावी. त्या दिवशीचे जेवण वेगळे असावे, मुलांनी त्या दिवशी एक पान मोठ्याने वाचावे. एकसारख्या दिवसांच्या रांगेत हे दिवस उंच दिसले पाहिजेत. पुढे मुले मागे वळून पाहतील तेव्हा त्यांना मोजायला काही तरी हवे.

आणि एक वही. माझ्या घरी गेल्या जानेवारीपासून ती आहे. रात्री जो जागा असेल त्याने तारीख टाकून एकच ओळ लिहायची : आज वेगळे काय झाले. आईच्या फोननंतरही एक ओळ. आता मी तिला "बरी आहेस ना?" एवढेच विचारत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी सारखेच असते. आज भाजी कोणती आणली, दारात कोण आले, गुडघा कोणत्या पायरीवर दुखला, ते विचारतो. वहीची चार पाने उलटली की ती हळूहळू म्हातारी होत असल्याचे दिसते. ते पाहणे सुखाचे नाही. पण बाबांच्या वेळी मला ते दिसलेच नव्हते.

पाली भाषेत 'सती' हा एकच शब्द स्मरण आणि सावधानता या दोन्ही अर्थांनी येतो. अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृती ती हीच. विज्ञानाने बुद्धवचन सिद्ध केले, असा दावा करण्याची मला गरज वाटत नाही; आपल्या धम्माला तशा प्रमाणपत्राची आवश्यकताही नाही. पण ज्याकडे लक्ष दिले नाही ते स्मरणात राहत नाही, आणि जे स्मरणात नाही तो काळ जगलोच नाही असे होते, एवढे मेंदूचे शास्त्र आणि ती एक संज्ञा दोघेही सांगतात.

या उन्हाळ्यात मी आठ दिवसांची रजा मागितली आहे. भत्ता जाईल. मे महिन्यात नागपूरला कोणी जात नाही, असे सहकारी म्हणाले. आईच्या खोलीतल्या कूलरच्या ताट्या बदलायच्या आहेत.